नित्याच्या गोष्टींचे बळ

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले असता महाडच्या काही कोस अलीकडे वीर हे गाव लागते. नावावरून एखाद्या रणसंग्रामाची किंवा नामांकित योद्ध्याची कथा तेथे ऐकावयास मिळेल, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात भातखाचरे, कौलारू घरे व पावसाळ्यात सर्व बाजूंनी चढत जाणारी हिरवळ एवढेच प्रवाशाच्या दृष्टीस पडते. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून जो निघाला, तो १९९३ साली प्रथम या वीरपर्यंतच खुला झाला. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. तेव्हापासून महाडास जाणारा उतारू येथेच उतरतो आणि रायगडास जाणाऱ्या पुष्कळांचे पाऊलही प्रथम येथेच पडते.

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी या स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग आम्हांस आला. पावसाने असा जोर धरला होता की, समोरचा डोंगर पार दिसेनासा झाला. गाडीस उशीर होता, आणि उशीर झालेल्या गाडीच्या उतारूंचे जसे चालते तसे आमचे रेल्वेखात्याच्या नावाने कुरकुरणे चालले होते. इतक्यात पावसाळी कोट घातलेला, हातात बत्ती व काठी असलेला एक गस्तवाला रुळांच्या कडेने चालत आला. त्याने आपल्या पिशवीतून एक लहानसे पुस्तक काढले, स्टेशनमास्तरकडून त्यात वेळ व सही घेतली, आणि घटकाभर टेकून तो आल्या वाटेने पुन्हा अंधारात नाहीसा झाला. त्याच्याकडे आमच्यापैकी कोणाचे फारसे लक्ष गेले असेल असे वाटत नाही. आमचेही गेले नसते. परंतु त्या पुस्तकाने आमचे कुतूहल जागे केले.

रेल्वेच्या पावसाळी गस्तीची पद्धत मोठी विचारपूर्वक बसविलेली आहे. दोन स्थानकांमधील मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका गस्तवाल्याकडे दिलेला असतो. तो आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जातो. तेथे त्यास पलीकडचा गस्तवाला भेटतो, आणि दोघे आपल्या पुस्तकांची अदलाबदल करतात. याप्रमाणे हातोहाती फिरत एका स्थानकाचे पुस्तक दुसऱ्या स्थानकावर पोचते. मधला एक मनुष्य जरी पावसास कंटाळून झोपडीत बसून राहिला, तरी पुस्तक अडते आणि उणीव उघड होते. रुळावर दरड दिसली तर काय करावयाचे, हेही ठरलेले आहे. धोक्याचा दिवा लावून गाडी येण्याच्या दिशेने धावत जावयाचे; ६०० मीटरांवर रुळावर एक फटाका बसवावयाचा, आणि १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने आणखी तीन. इंजिनाचे चाक पडताच त्यांचा जो आवाज होतो, तो ऐकून चालक गाडी थांबवितो. बहुतेक गस्तवाल्यांवर सबंध नोकरीत हा प्रसंग एकदाही येत नाही. तथापि जो प्रसंग बहुधा येणार नाही, त्याच्यासाठी रोज रात्री मैलोगणती चालावयाचे, हेच त्याचे काम होय.

मोठी कार्ये मोठ्या क्षणी होतात, अशी आपली एक समजूत आहे. शाळेतील इतिहासाची पुस्तके लढाया, तह व राज्यारोहणे यांच्या तिथींनी भरलेली असतात. या तिथींच्या मधले दिवस कसे गेले, हे सहसा कोणी विचारीत नाही. परंतु राज्य असो, संस्था असो, की घरचा प्रपंच असो, तो टिकतो किंवा बिघडतो तो या मधल्याच दिवसांत, असे आमचे मत आहे. यास प्रमाण शोधण्यासाठी दूर जावयास नको; वीरच्या आसपासचा दहा-बारा कोसांचा मुलूख त्यास पुरेसा आहे.

रायगडाचीच गोष्ट घ्या. १६५६ साली जावळीकर मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर शिवाजी महाराजांच्या हाती आला, त्याचा रायगड झाला, आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला. या प्रसंगाचे वर्णन कोणा मराठी वाचकास नवीन नाही. परंतु त्याच्याच आगेमागे, १६७३-७४ च्या सुमारास, महाराजांचे एक पत्र चिपळूणच्या बाजूस छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेले. आमच्या दृष्टीने ते पत्र राज्याभिषेकाइतकेच महत्त्वाचे आहे. त्यात एकाही लढाईचा मनसुबा नाही. विषय आहे तो दाणा, वैरण, चुली, तंबाखू आणि दिव्याची वात यांचा.

पावसाळ्यासाठी घोडदळ एका जागी राहिले होते व त्याच्यासाठी दाणावैरणीचा साठा करून ठेवला होता. महाराज बजावतात की, आज साठा आहे म्हणून तो मन मानेल तसा उधळलात, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेकडे वळाल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, तर कोणी भाजी. जे कुणबी घर धरून जीव मुठीत घेऊन राहिले आहेत, तेही गाव सोडून जातील. आणि मोगलांपेक्षा तुम्हीच अधिक वाईट, असे त्यांस वाटू लागेल. यास्तव जे लागेल ते बाजारातून विकत आणावे. रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये.

पत्राचा पुढील भाग याहूनही सूक्ष्म आहे. गवताच्या गंज्यांजवळ कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी वाऱ्याचा विचार न करता तंबाखू ओढील, आणि एका ठिणगीने एक गंजी पेटली की सर्व जळून जाईल. मग कोणाच्या गर्दना मारल्या किंवा कारकुनास कितीही ताकीद केली, तरी काडीभर गवत परत मिळणार नाही. रात्री दिवा जळत ठेवून निजलात, तर एखादा उंदीर पेटती वात तोंडात धरून ओढून नेईल. म्हणून निजण्यापूर्वी दिवा विझवीत जा.

राज्य स्थापन करण्याच्या उद्योगात असलेला पुरुष उंदराने ओढून नेलेल्या वातीचा विचार करतो, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. काहींस ते त्याच्या थोरवीस न साजणारे, कारकुनी वृत्तीचे लक्षणही वाटेल. परंतु पत्र लक्षपूर्वक वाचणारास त्यातील कार्यकारणाची साखळी दिसून येते. वातीने गवत जळते. गवत जळाले की घोडे मरते. घोडे वाचविण्यासाठी शिपाई कुणब्याच्या दारी जातो. कुणबी गाव सोडतो. आणि कुणबी गेला की राज्य कशावर चालावयाचे? महाराजांना वातीच्या दुसऱ्या टोकास राज्य दिसत होते. मुख्यास बारीक गोष्टींत लक्ष घालावे लागते ते याच कारणाने. प्रत्येक गंजीजवळ स्वतः उभे राहणे त्यास शक्य नसते. त्याने करावयाचे ते एवढेच की, कोणती बारीक गोष्ट मोठ्या गोष्टीस जाऊन भिडते हे ओळखावे, हाताखालच्या लोकांस ती कारणांसह सांगावी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहावे. या पत्रात आज्ञा आहे, धाकही आहे. परंतु प्रत्येक आज्ञेबरोबर तिचे कारण दिलेले आहे. ज्यास कारण कळले, तो साहेब पाठीशी नसतानाही दिवा विझवितो.

हीच दृष्टी पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आढळते. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात राजनीतीची मोठी तत्त्वे आहेत. आणि त्यांच्याच शेजारी गडावरील केरकचऱ्याचाही विचार आहे. गडाच्या वाटांवर व तटांवर केर साचू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, आणि त्याची राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असे पंत सांगतात. गडावर इमारत उभारण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी, रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संतोषावाचून तोडू नयेत, हेही त्यातच आहे. शिवकाळापासून कारभार पाहिलेला व राजारामाच्या कठीण काळी राज्य सांभाळलेला पुरुष उतारवयात पुढच्या पिढीस ही शिकवण देतो. वेढा पडतो तो एखादे वर्षी; झाडू मात्र रोज फिरवावा लागतो. ज्या गडावर तो फिरत नाही, तेथे वेढ्याच्या वेळी टाक्याचे पाणीही स्वच्छ सापडत नाही.

येथवर वाचून एखादा चतुर वाचक म्हणेल की, सवयीचे एवढे स्तोत्र गाता, तर आमच्या देशाइतका सवयींचा देश दुसरा कोणता आहे? बापजाद्यांनी घालून दिलेल्या रीती आम्ही शेकडो वर्षे न चुकता पाळल्या. त्याने आमचे काय भले झाले? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास वीरहून महाडास जावे लागते.

महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. तेथे परधर्मीयांस मज्जाव नव्हता, जनावरेही पाणी पीत. ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांनी मात्र ते घ्यावयाचे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे झाले. त्यास अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायद्याने काम संपले होते. तथापि पुढील तीन वर्षे कोणाही अस्पृश्यास तेथे ओंजळ बुडविता आली नाही. ठराव दप्तरात राहिला आणि सवय तळ्याच्या काठावर उभी राहिली. मार्च १९२७ मध्ये तेथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपये खर्चून पाणी विकत घ्यावे लागले. तळे भरलेले, कायदा अनुकूल, आणि तरी पाणी विकत! सवयीच्या सामर्थ्याचा यापेक्षा कटू पुरावा कोणता द्यावा?

या सवयीचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ती चालविण्यास कोणी सैन्य ठेवले नव्हते. घराघरांतील साधी, एरवी सज्जन म्हणविणारी माणसे रोज सकाळी पाणी भरताना ती चालवीत होती. प्रत्येकाचा वाटा इतका लहान होता की, आपण काही अन्याय करतो असे कोणास वाटतही नसे. लहान व नित्याची गोष्ट किती खोल जाते, हे महाराजांच्या पत्रावरून जसे कळते, तसेच ते येथेही कळते. फरक एवढाच की येथे आग गंजीस न लागता माणसांच्या आयुष्यास लागली होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांनी परिषदेच्या लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. तो क्षण आता इतिहासात अमर झाला आहे. परंतु त्या क्षणाच्या अलीकडचे व पलीकडचे दिवस आम्हांस तितकेच विचारणीय वाटतात. अलीकडे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे गावोगाव हिंडणे होते. महाडातीलच सुरेंद्रनाथ टिपणीसांसारख्या स्पृश्य गृहस्थांची साथ होती. परिषदेत आंबेडकरांनी आपल्या लोकांस जे सांगितले, तेही नित्याच्या वागण्याविषयीच होते: मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे अन्न घेऊ नका, मुलांना शिकवा. जुलमाची एक सवय मोडावयाची, तर स्वाभिमानाच्या दहा सवयी लावून घ्याव्या लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

पलीकडचे दिवस तर अधिकच कसोटीचे. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. तळे बाटले म्हणून ते शुद्ध करून घेण्यात आले. ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले आणि त्याचे स्तंभ बहुतांशी एकट्याने लिहून काढले. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्यापूर्वीच दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला. मग तारखा, साक्षी, कागदपत्रे आणि अपिले यांचे सत्र सुरू झाले. ते संपले १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे त्या ओंजळीनंतर तब्बल दहा वर्षांनी. अस्पृश्यांस वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींस सिद्ध करता आले नाही, असा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला. एका दिवसाच्या धैर्यास दहा वर्षांच्या चिकाटीची जोड मिळाली, तेव्हा तळ्यावरील हक्क कायद्याने शाबीत झाला.

तेव्हा त्या आक्षेपास आमचे उत्तर असे. सवय ही स्वभावतः चांगलीही नसते आणि वाईटही नसते. तिला कारण विचारले पाहिजे. दिवा का विझवावा, हे महाराजांनी सांगितले आणि ते आजही पटते. त्या मनुष्याने पाणी का घेऊ नये, याचे कारण मात्र दहा वर्षांच्या खटल्यात कोणास दाखविता आले नाही. ज्या रीतीस आपले कारण सांगता येत नाही, ती कितीही जुनी असली तरी तिचा मान राखण्याचे प्रयोजन नाही.

चांगल्या सवयीसही मात्र एक रोग जडतो. कारण विसरले जाते व केवळ हालचाल उरते. महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीस महापूर आला असता तो कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्यांसह काही वाहने त्यांतील माणसांसकट वाहून गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनाकडूनच त्या वेळी सांगण्यात आले. दोष कोणाचा, हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पाहणी झाली आणि पूलही पडला, ही दोन वाक्ये शेजारी ठेवली असता मन अस्वस्थ होते. पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला, त्याचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. परंतु जुन्या पुलाच्या सांध्यांत रुजलेले रोप वेळीच उपटणाऱ्याचे, पायथ्याशी किती खड्डा पडला आहे हे उतरून पाहणाऱ्याचे कौतुक कोण करतो? त्याच्या कामाचे फळ एवढेच की, काही घडत नाही. आणि जे घडले नाही त्याचा समारंभ करता येत नाही.

रेल्वेनेही हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांवर गाडी आदळून पन्नासाहून अधिक माणसे मेली. पुरते एक वर्षही लोटले नव्हते, तोच १६ जून २००४ रोजी याच महाड तालुक्यात, करंजाडीजवळ, मत्स्यगंधा एक्सप्रेस तशाच दगडांवर आदळली. डबे पुलावरून खाली गेले आणि पुन्हा माणसे मेली. डोंगर पोखरून शेकडो पूल व ९१ बोगदे ज्यांनी बांधले, त्यांच्या विद्येत काही उणे नव्हते. परंतु पाऊस दरसाल येतो, आणि डोंगराचा उतार दरसाल थोडा सुटतो. एकदा दाखविलेली विद्या त्यास पुरत नाही. नंतर उतार कमी करण्यात आले, दगड अडविण्यास जाळ्या बसविल्या गेल्या. पावसाळ्यात गाड्यांचे वेळापत्रकच निराळे असते. जोराच्या पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरांहून अधिक वेगाने जावयाचे नाही, असा चालकांस दंडक आहे. आमच्या गाडीस त्या सायंकाळी उशीर झाला, तो कदाचित या दंडकामुळेच. ज्यावर आम्ही कुरकुरत होतो, ते आमच्याच जिवाची काळजी घेणारे होते, हे समजण्यास आम्हांस त्या पुस्तकाचा विचार करावा लागला.

त्या पुस्तकातील सहीही उद्या केवळ सही होऊ शकते. गस्तवाल्याने डोळे मिटून चालावे, मास्तराने न पाहता वेळ लिहावी, वरिष्ठाने महिनाअखेर पाने न उलटता शिक्का मारावा. पुस्तक नेमाने फिरत राहील आणि दरड मात्र कोणास दिसणार नाही. यावर उपाय एकच. जो मुख्य आहे, त्याने अधूनमधून स्वतः त्या पावसात चालून यावे, दरड कोठे सुटते हे त्या माणसास विचारावे, आणि त्याने सांगितलेले मनावर घ्यावे. बाकी सर्व नियम लिहून ठेवता येतात. ही एक गोष्ट करावीच लागते.

आमच्या वाचकांपैकी कोणी शाळा चालवीत असतील, कोणी कचेरीत दहा माणसांवर अधिकारी असतील, पुष्कळांकडे घरचा कारभार असेल. वर्षारंभी मोठे संकल्प सोडण्याची हौस आपणां सर्वांस असते, आणि ते बहुधा महिनाभरातच विरतात. त्यापेक्षा आपल्या कामात दिव्याची वात कोणती आहे, हे प्रत्येकाने शोधून पाहावे. ती सापडली की, तिचे कारण बरोबरच्यांस समजावून सांगावे आणि ती रोज विझते ना, हे पाहावे. त्याबरोबरच आपल्या घरी विनाकारण चालत आलेली एखादी रीत कोणा दुर्बळाच्या तोंडचे पाणी तोडीत नाही ना, याचाही शोध घ्यावा. ही दोन्ही कामे लहान आहेत, आणि दोन्ही रोजची आहेत.

शेवटी गाडी आली. खिडकीतून पाहिले तेव्हा दूर, डोंगराच्या कुशीत, एक बत्ती हळूहळू पुढे सरकत होती. गाडी जवळ येताच ती कडेस थांबली, आणि गाडी सुखरूप निघून गेल्यावर पुन्हा चालू लागली असावी.